दाजी, देवी आणि द्राक्षं

नाशिकचा माणूस कोपऱ्यावरून दूध आणायलाही ॲक्टिव्हा काढतो, ही आमच्यावरची टीका खरी आहे. सकाळच्या फिरण्यासाठी जॉगिंग ट्रॅकपर्यंत आम्ही गाडीनेच जातो आणि गाडी अगदी दारात लागावी म्हणून त्या परिसराला दोन चकरा मारतो, हेही खरं. पण म्हणून नाशिककर चालत नाही असं समजू नका. त्याला एखादा देव दाखवा किंवा एखादी मागणी द्या, मग बघा. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी हाच माणूस कुशावर्तात बुडी मारून ब्रह्मगिरीची फेरी घालतो. लहान फेरी 20 किलोमीटरची, मोठी जवळजवळ दुप्पट. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघाली की तिच्यामागे थेट पंढरपूर गाठतो. आणि 2018 च्या मार्चमध्ये इथून निघालेले हजारो शेतकरी कसारा घाट उतरून, सुमारे 180 किलोमीटर चालून मुंबईत पोचले, ते सगळ्या देशाने टीव्हीवर बसून पाहिलं. देव नाही, मागणी नाही, नुसतंच चालायचं, याला मात्र नाशकात एकच कारण मान्य आहे. शुगर.

त्यामुळे पुण्याचे आमचे दाजी शुगर नसताना चालतात, ही गोष्ट आमच्याकडे कुणाला नीट समजावून सांगता आलेली नाही. दाजी बँकेतून निवृत्त झाले आणि स्पेनला चालायला गेले. पुण्यात पर्वती असताना माणूस विमानाने स्पेनला जातो आणि तिथे उतरून चालतो, हे ऐकून माझ्या बहिणीच्या सासूबाईंनी त्यांची दृष्ट काढली होती. ती वाट म्हणजे कॅमिनो. फ्रान्सच्या हद्दीतून निघायचं आणि जवळजवळ 800 किलोमीटर चालत सांतियागोच्या चर्चला पोचायचं. हजारएक वर्षांची यात्रा आहे ती, त्यांची पंढरीच. दाजी त्यातला थोडा तुकडा चालले. पण तो तुकडा नेमका रिओहा आणि नवारा या द्राक्षमळ्यांच्या प्रांतांतला होता, आणि त्यातच इराचे नावाच्या वायनरीने भिंतीला बसवलेला तो नळ आला. 1991 पासून तो नळ आहे. एका तोटीतून पाणी येतं, दुसऱ्या तोटीतून वाइन. यात्रेकरूंना फुकट.

या नळाची गोष्ट दाजींनी आजवर दोन मुंजी, एक डोहाळजेवण आणि एका दहाव्याला सांगितलेली आहे.

"तुमचं नाशिक म्हणे भारताची वाइन राजधानी," दाजी मला म्हणाले. "मग तुमच्याकडे अशी चालायची वाट का नाही?" हे त्यांनी अशा सुरात विचारलं की जणू ती वाट मीच गुंडाळून माळ्यावर टाकली आहे.

वाट नाही त्याला कारणं आहेत. पहिलं म्हणजे आमच्या वायनऱ्या एका ओळीत नाहीत. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा. इगतपुरीकडे ग्रोव्हर झम्पा आणि वॅलोने. निफाड तालुक्यात विंचूरचं वाइन पार्क. आणि दिंडोरीत फ्रेंचांची शांदों. एकीकडून दुसरीकडे जायचं तर मध्ये मुंबई-आग्रा महामार्ग लागतो, आणि त्यावर चालणाऱ्याला वाइनची गरज पडत नाही, थेट गंगाजलच लागतं. दुसरं कारण जास्त खोल आहे. युरोपात पुष्कळ ठिकाणी डोंगराच्या उतारावर द्राक्षं लावतात, त्यामुळे डोंगरवाट आपोआप मळ्यातून जाते. तिकडे डोंगरांना कामाला लावलं आहे. आपण डोंगर देवांना देऊन टाकले आणि द्राक्षं खाली, धरणाच्या पाण्यावर, काळ्या-तांबड्या सपाटीला वाढवली. मळ्यातून डोंगर दिसतो, डोंगरावरून मळा दिसतो, पण चढणारा आणि छाटणारा यांची गाठ पडत नाही.

हे दाजींना पटलं नाही. ते मला घेऊन एका वायनरीवर चालत गेले. फाटकावरच्या वॉचमनने आमच्या मागे बघितलं.

"गाडी?"

"नाही. चालत आलोय."

"मग ड्रायव्हर कुठंय?"

"अहो, गाडीच नाही."

वॉचमनने आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं. पिऊन परत चालत जाणारी माणसं त्याने पाहिली असतील, पण प्यायच्या आधीच चालत असलेली बहुधा पहिल्यांदाच पाहत होता. त्याच्या रजिस्टरात नाव, फोन आणि वाहन क्रमांक असे रकाने होते, आणि एकही रकाना रिकामा सोडायचा नाही असा त्याला आदेश होता. शेवटी दाजींनी वाहन क्रमांकात स्वतःच्या बुटाचा नंबर लिहिला. नऊ.

असं सगळं चाललेलं असताना सिडकोतल्या मावशीचा फोन आला. आमची मावशी मूळची शिरपूरची. काका सातपूरच्या कारखान्यात लागले तेव्हा ती नाशकात आली आणि येताना शिरपूर बरोबर घेऊन आली. सिडको-सातपूरमध्ये असा खान्देश गल्लोगल्ली भरलेला आहे. भाजीवालीशी घासाघीस मराठीत सुरू होते आणि रंगात आली की अहिराणीत संपते. वणीची सप्तशृंगी ही खान्देशची माहेरवाशीण की खान्देश हेच तिचं माहेर, यावर आमच्या आजोळी दोन तट आहेत, पण पायी गेलं पाहिजे यावर एकमत आहे. नातवाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली तर कोजागरीला गडावर चालत येईन, असं मावशी बोलली होती. ॲडमिशन मिळाली. नातू घरी लॅपटॉपसमोर बसला आणि पंचाहत्तरी उलटलेली मावशी पिशवी भरायला लागली.

"मावशी, या वयात 60-65 किलोमीटर?" मी म्हटलं.

"माय जवय बलावस, तवय जानं पडस," ती म्हणाली. विषय संपला.

दाजींनी मात्र नकाशा काढला. नाशिक, म्हसरूळ, ढकांबे, दिंडोरी, अवनखेड, लखमापूर फाटा, वणी, नांदुरी, गड. त्यांचं बोट दिंडोरीवर थांबलं आणि डोळ्यांत इराचेचा नळ चमकला. "अरे, ही तर वाइनची वाट! वाट आहे, यात्रा आहे, द्राक्षमळे आहेत, शेवटी डोंगरावर देऊळ आहे. कॅमिनोत आणखी काय असतं?"

अशा रीतीने मावशी नवसासाठी, दाजी वाइनसाठी आणि मी दोघांच्या पिशव्यांसाठी, असे आम्ही पंचवटीतल्या दिंडोरी नाक्यावरून निघालो.

वणीच्या वाटेवर रात्री चालतात. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर घेण्यात भक्ती असली तरी शहाणपण नाही, हे लोकांना माहीत आहे. पुढे भगवे झेंडे, मध्ये ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर देवीचा फोटो आणि फोटोच्या दोन्ही बाजूंना देवीपेक्षा उंच स्पीकर. घटस्थापनेच्या वेळी याच रस्त्याने गडावरून ज्योत घेऊन अनवाणी पळत येणारी पोरं दिसतात. कोजागरीला नद्यांचं पाणी घेऊन कावडीवाले गडाकडे चाललेले असतात. दाजींच्या अंगावर चार खिशांची विजार होती, कपाळावर दिवा होता आणि दोन्ही हातांत घडीच्या काठ्या होत्या. "जावईबापू, बर्फ पडनार शे का?" मावशीने विचारलं.

या ठिकाणी वाचकांची अपेक्षा अशी असणार की महागाचे बूट घातलेल्या दाजींचे पाय सोलले आणि साध्या चपलेतली मावशी तुरुतुरु पुढे गेली. तसं काही झालं नाही. दाजींचे बूट उत्तम होते, त्यांनी आठवडाभर सरावही केला होता, आणि ते मजेत चालले. फोड मावशीला आले. तिने सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला, दोरा आतच ठेवून गाठ मारली आणि चालू लागली. हा वारकऱ्यांचा जुना इलाज. दाजी जंतुसंसर्गावर बोलत असताना तिने त्यांच्या हातातली एक काठी काढून घेतली. तोवर ती काठीला हसत होती. म्हसरूळच्या पुढे गेल्यावर तिने काठीचा स्प्रिंगचा दट्ट्या दोनदा दाबून पाहिला आणि काठीच्या किमतीची चौकशी केली. किंमत ऐकून तिने काठी आणखी घट्ट धरली.

डाव्या हाताला चांदण्यात रामशेज दिसतो. या एवढ्याशा किल्ल्यासमोर औरंगजेबाच्या सरदारांनी 1682 पासून पाच-साडेपाच वर्षं ठिय्या दिला आणि तो काही केल्या पडेना. मोगलांना इथे चहा देणारं कुणी नव्हतं, हे एक कारण असावं. आम्हाला दर फर्लांगाला कुणीतरी चहा देत होतं. कुठे साबुदाण्याची खिचडी, कुठे केळी, कुठे राजगिऱ्याचे लाडू, कुठे पायांना तेल लावून देणारी कॉलेजची मुलं. नको म्हणायची सोय नाही. "आई, एक घास घ्या", "काका, अर्धा कप", असं म्हणत माणसं रस्त्यात आडवी येतात. खरं सांगायचं तर या वाटेवर थकून पडलेला माणूस क्वचित दिसतो, पण खिचडीने जड होऊन बसलेले पुष्कळ दिसतात.

कॅमिनोत यात्रेकरूजवळ एक पुस्तिका असते आणि मुक्कामोमुक्कामी त्यावर शिक्के घेतात; शेवटी त्या शिक्क्यांवरून सर्टिफिकेट मिळतं. दाजींनी तशी एक वही बरोबर आणली होती. ढकांब्याच्या अलीकडे एका मंडळाच्या मांडवात त्यांनी वही पुढे केली आणि शिक्का मागितला. कार्यकर्ता गोंधळला. आतून वर्गणीच्या पावतीपुस्तकाचा एकच शिक्का निघाला. तो त्याने इमानदारीने मारला: 'रोख मिळाले.' मग पेन उघडून त्याने विचारलं, "किती लिहू, साहेब?" दाजींचे 501 रुपये गेले. पुढच्या मांडवात त्यांनी वही काढली नाही.

उजाडता उजाडता आम्ही दिंडोरीच्या अलीकडे होतो. दाजी ज्या क्षणासाठी आले होते तो क्षण हाच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा, मागे सातमाळ्याची निळी रांग, मधून धुक्याचा पट्टा. दाजींनी कॅमेरा उघडला, डोळ्याला लावला आणि खाली केला.

बागेत काही नव्हतं. म्हणजे खांब होते, तारा होत्या, ठिबकच्या नळ्या होत्या आणि तारांवर नुसत्या काटक्या. पान नाही, घड नाही, हिरवा ठिपका नाही.

"मेली का काय बाग?" दाजींनी विचारलं.

"छाटली," बांधावर उभा असलेला शेतकरी म्हणाला.

द्राक्षाची इथे वर्षात दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार व्हावी म्हणून. ऑक्टोबरच्या आगेमागे गोड छाटणी, ती फळ यावं म्हणून. तिथून साडेचार-पाच महिन्यांनी घड तोडायला येतात, म्हणजे द्राक्षांचा खरा हंगाम जानेवारी ते मार्च-एप्रिल. आणि वणीच्या यात्रा दोन: चैत्रातली एक, आश्विनातली दुसरी. चैत्रात यात्रा भरते तेव्हा माल संपून खरड छाटणीची कात्री चाललेली असते. नवरात्र-कोजागरीला यात्रा भरते तेव्हा गोड छाटणीची. पिढ्यान् पिढ्या लाखो माणसं देशातल्या सर्वांत मोठ्या द्राक्षपट्ट्यातून पायी जात आहेत, आणि दोन्ही वेळा त्यांना तिथे काटक्या बघायला मिळतात. ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाडांनी 1925 च्या सुमारास या जिल्ह्यात द्राक्ष रुजवलं. शंभरेक वर्षं झाली, तरी देवी आणि द्राक्ष यांनी आपापलं वेळापत्रक बदललेलं नाही. देवीची वेळ आधीपासून ठरलेली होती, हे मावशीचं म्हणणं.

बागेत पेठ-सुरगाण्याकडची टोळी काम करत होती. बायका हातात छोटे डबे घेऊन काडीवरच्या एकेका डोळ्याला पेस्ट लावत होत्या, सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून. दाजींनी ते काम बराच वेळ बघितलं. बँकेत त्यांनी द्राक्षबागांना पुष्कळ कर्जं मंजूर केली होती, पण प्रत्येक डोळ्याला हात लावावा लागतो हे कुठल्याही प्रकल्प अहवालात नव्हतं.

"यातली वाइनची कुठली?" त्यांनी विचारलं.

"वाइनची होती. उपटली."

शेतकऱ्याने चहा मागवला आणि उपटण्याची कथा सांगितली. ती त्याची एकट्याची नाही. 2001 साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, इथल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्काची माफी दिली, आणि नाशकात वाइनची लाट आली. सुलाची पहिली वाइन त्याआधी एखादं वर्षच बाजारात आली होती. जो तो वायनरीची भाषा बोलू लागला. थॉमसन, सोनाका म्हणणारी तोंडं शेनिन ब्लाँ, शिराझ म्हणायला शिकली. करार झाले, वेली लागल्या. 2008-09 ला जगभर मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, टाक्यांत वाइन तशीच राहिली आणि कित्येक छोट्या वायनऱ्यांना टाळं लागलं.

"खायच्या द्राक्षाला धा गिऱ्हाइकं," शेतकरी म्हणाला. "एक्स्पोर्टवाला नाही तर लोकल, लोकल नाही तर बेदाणा. वाइनच्या द्राक्षाला एकच, कंपनी. तिने नाही म्हटलं की झालं. एवढालं बारीक फळ, जाड साल, आत बिया. चोरीलासुद्धा जात नव्हती हो! शाळेतली पोरं बागेवरून सरळ शाळेत जायची. तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती."

"पण तुम्ही स्वतः वाइन चाखलीत का कधी?"

"एकदा. एका कार्यक्रमात दिली होती, उंच काचेच्या पेल्यात, तळाला घोटभर." त्याने तोंड वाकडं केलं. "मी म्हटलं, साहेब, आमच्या द्राक्षाचं हे काय केलंत तुम्ही?"

दाजींनी त्याला टॅनिन, ओकचं पिंप आणि जिभेवर रेंगाळणारी चव या गोष्टी समजावून सांगितल्या. तो शांतपणे ऐकत होता. त्याचं सगळं लक्ष आभाळाकडे होतं. फुटीच्या वेळी पाऊस आला की डावणी, ढगाळ राहिलं की भुरी, आणि फेब्रुवारीत गारा पडल्या की विषयच नको. त्याच्या जिभेवर वर्षभर रेंगाळते ती चव ही. निघताना तो म्हणाला, "फेब्रुवारीत या. आता काय दाखवू तुम्हाला?"

एक गोष्ट मात्र इथे सांगितली पाहिजे. युरोपाने वाइन आणि देव यांचं भांडण केव्हाच मिटवलं. त्यांच्या मठांतल्या साधूंनीच मळे राखले, आणि चर्चच्या विधीतच ती पेल्यात येते. फ्रान्सच्या मेदोक भागात तर चाळीसेक वर्षं एक मॅरेथॉन भरते, तिच्यात लोक सोंगं घेऊन पळतात आणि वाटेत पाण्याबरोबर वाइनचेही घोट घेतात. आपलं तसं नाही. आपल्या राज्यात 1949 चा दारूबंदीचा कायदा अजून चालू आहे. त्याखाली पिणाऱ्याने परवाना काढायचा असतो, एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. आणि त्याच राज्यात वाइनला उत्तेजन देण्याचं धोरणही आहे. 2022 च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला मंत्रिमंडळाने परवानगी दिली, तेव्हा अण्णा हजाऱ्यांपासून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे खवळले. निर्णय कागदावर राहिला. वाइन ही दारू आहे की नाही, या प्रश्नावर महाराष्ट्र जितका बोलला आहे तितकी वाइन तो अजून प्यायलेला नाही.

दिंडोरी सोडल्यावर दाजी एका जागी थांबले. "इथेच कुठेतरी शांदों आहे," ते म्हणाले. शँपेनवाल्या फ्रेंच घराण्याची ही वाइन, बुडबुड्यांची, 2013 पासून दिंडोरीच्या द्राक्षांतून बनते. दिशा नक्की माहीत नसल्यामुळे त्यांनी अंदाजाने बागांच्या पलीकडे तोंड करून हात जोडले. मावशीने ते पाहिलं. तिकडे एखादं जागृत देवस्थान असणार असं समजून तिनेही चप्पल काढून मनोभावे नमस्कार केला. तिचं बघून मागून येणाऱ्या दहा-बारा बायकांनी केला. मी काही बोललो नाही. ज्या बागांकडे तोंड करून त्यांनी हात जोडले होते, त्यांतल्या मालकांना यंदा आशीर्वादाची गरज होतीच.

कादवा ओलांडल्यावर आमच्याबरोबर एक निवृत्त संस्कृतचे सर चालत होते. दाजींनी संधी साधली. "सर, मी असं वाचलंय की सप्तशतीत देवीसुद्धा मधुपान करते. खरं आहे का?"

"खरं आहे. तिसऱ्या अध्यायात."

दाजींनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे शास्त्राची हरकत नाही!"

"मुळीच नाही," सर म्हणाले. "देवी मधुपान करते आणि लगेच महिषासुराला मारते. तुम्ही रेडा गाठून ठेवा, मग बघू."

वणी गावात पोचल्यावर नवख्या माणसाला पोचल्यासारखं वाटतं. सगळे म्हणतात 'वणीची देवी', आणि गावात जगदंबेचं देऊळही आहे. पण ज्या देवीला निघालात ती अजून वीसेक किलोमीटर लांब आणि वर आहे, हे इथे कळतं. दाजींचा पहिला आणि शेवटचा संताप इथे झाला. अहिवंत आणि अचला डाव्या अंगाला घेऊन नांदुरी गाठायची, मग घाट. गाड्यांचा रस्ता दहा किलोमीटर वळणं घेत जातो. पायी जाणाऱ्यांसाठी जुनी चढणीची वाट आहे, तिचं नाव रडतोंडी. नावात फसवणूक नाही, एवढं तिच्याबद्दल बोललं तरी पुरे. मावशी त्या वाटेने वर आली. कशी आली, ते तिला आणि काठीला माहीत.

गडावर दोन पर्याय असतात. पाचशेहून जास्त पायऱ्या, किंवा 2018 मध्ये सुरू झालेली फ्युनिक्युलर ट्रॉली, जी रुळांवरून काही मिनिटांत देवळाशी नेते. मी मावशीकडे पाहिलं. रात्रभर चाललेली, रडतोंडी चढलेली बाई पायऱ्या सोडणार नाही, याची मला खात्री होती. मावशी सरळ ट्रॉलीच्या तिकीट खिडकीकडे गेली.

"मावशी, नवस?"

"नवस चालत येवाना व्हता. चालत उनू. पायऱ्यास्नं बोलणं झालंच नव्हतं."

पायऱ्या दाजी चढले. कॅमिनोत लिफ्ट नसते, असं काहीसं ते पुटपुटत होते.

वर कड्याच्या खोबणीत ती अठरा हातांची, भव्य मूर्ती. मान जराशी कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी स्तुती म्हणत होते आणि ती नीट ऐकू यावी म्हणून देवीने कान तिकडे केला, असं सांगतात. सप्तशती मार्कंडेय पुराणातलीच, त्यामुळे समोरासमोरची ही व्यवस्था चोख आहे. दाजींना मूर्तीसमोर उभं राहायला जेवढा वेळ मिळाला तेवढ्यात मागून "चला, चला, पुढे चला" सुरू झालं. बाहेर आल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांतियागोला मिठी मारू देतात पुतळ्याला. रांग याच्याहून लहान होती." बस्स, एवढंच.

रात्री कोजागरीचं दूध मिळालं. बदाम, केशर, वेलदोडा, वर चंद्र. 60-65 किलोमीटर वाइनच्या तालुक्यातून चालून दाजींच्या हातात शेवटी आटीव दुधाचा पेला आला. त्यांनी तो सवयीने हातात घोळवला, नाकाशी नेऊन वास घेतला, पहिला घोट तोंडात फिरवला आणि म्हणाले, "चांगलं आहे." मग दुसरा पेला मागितला. काठी मावशीने परत केली नाही. ती सध्या सिडकोत कपडे वाळत घालायच्या दोरीला उंच करण्याच्या कामी आहे, आणि स्प्रिंगमुळे हवी तेवढी उंच होते.

वाट बघण्यासारखी आहे, एवढं मी जबाबदारीने सांगतो. द्राक्षं बघायची असतील तर फेब्रुवारीत जा. तेव्हा थंडी असते, बागा लगडलेल्या असतात आणि सातमाळा स्वच्छ दिसतो. मात्र तेव्हा यात्रा नसते, म्हणून चहा, खिचडी, पायांना तेल यांतलं काही मिळणार नाही. पाणी आणि डबा बरोबर घ्या. मळ्यात विचारल्याशिवाय शिरू नका आणि घड तर मुळीच तोडू नका, नुकतीच फवारणी झालेली असू शकते. विचारलंत तर शेतकरी स्वतः पिशवी भरून देतो आणि वर "वाइन नाही केली हो याची" असंही सांगतो.

परत येताना कुणी चालत नाही. नांदुरीहून नाशिकला एसटी मिळते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट, त्यामुळे मावशी फुकट आली, खिडकीजवळ, दोन जागांवर पाय पसरून. बाकी बायकांना अर्धं तिकीट होतं. पूर्ण तिकीट त्या बसमध्ये मोजक्यांनाच लागलं. त्यांत एक मी आणि एक दाजी होतो, आणि आम्ही दोघे उभ्याने आलो.